पीजीए टूरच्या उंबरठ्यावर : कॉर्न फेरी टूर आणि वीस जागांचा हिशेब

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला गोल्फ पाहताना आधी हाच प्रश्न पडतो : पीजीए टूरवर कोणी खेळायचं हे ठरवतं कोण? निवड समिती कुठे बसते? रणजीत धावा काढायच्या, निवडकर्त्यांच्या नजरेत भरायचं, मग संघाच्या यादीत नाव येण्याची वाट बघायची, ही वाट आपल्या ओळखीची. गोल्फमध्ये असं कुणी निवडत नाही. वर्षाच्या शेवटी गुणतक्त्यावर एक रेघ मारली जाते. रेघेच्या वर असलेले वर जातात, खाली असलेले राहतात.

अमेरिकेतली पीजीए टूर ही पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमधली मोठी आणि पैसेवाली स्पर्धामालिका. तिच्यावर दरवर्षी किती नवे खेळाडू घ्यायचे याचे आकडे आधीच जाहीर झालेले असतात आणि त्यातला मोठा वाटा एका दुसऱ्या टूरकडून येतो. तिचं नाव कॉर्न फेरी टूर. २०२५ च्या हंगामापासून या टूरवरून वर्षाला वीस जणच वर जातात, आदल्या वर्षापर्यंत तीस जात होते. दहाचा हा फरक वाचायला किरकोळ वाटतो. पण ज्यांचा क्रमांक एकविसावा ते तिसावा लागतो त्यांच्यासाठी पुढचं अख्खं वर्ष बदलतं. गोल्फवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने हा बदल नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, आणि त्यासाठी ही टूर चालते कशी ते पाहायला हवं.

आधी थोडं मूलभूत. व्यावसायिक गोल्फर पगारी नसतो. त्याला संघ नसतो, बोर्डाचा वार्षिक करार नसतो. प्रायोजक मिळाला तर ठीक, नाहीतर स्पर्धेत मिळवलेलं बक्षीस हीच कमाई. टूर म्हणजे वर्षभर गावोगावी खेळल्या जाणाऱ्या स्पर्धांची मालिका आणि टूर कार्ड म्हणजे त्या स्पर्धांत उतरण्याचा हक्क. स्पर्धा बहुधा गुरुवार ते रविवार. रोज अठरा होल, चार दिवसांत बहात्तर, आणि ज्याला सगळ्यात कमी फटके लागतील तो जिंकला. कॉर्न फेरी टूरच्या पूर्ण भरलेल्या स्पर्धेत १५६ जण सुरुवात करतात. दोन दिवस संपले की ‘कट’ लागतो. पहिले पासष्ट आणि पासष्टाव्याच्या बरोबरीत असलेले पुढे खेळतात, बाकीच्यांचा आठवडा तिथेच संपतो. कट चुकलेल्याला पैसे मिळत नाहीत आणि गुणही मिळत नाहीत.

याचा अर्थ शुक्रवारी संध्याकाळी ऐंशी-नव्वद खेळाडू विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, कॅडीचा आठवड्याचा मेहनताना हा सगळा खर्च अंगावर घेऊन रिकाम्या हाताने पुढच्या गावाला निघतात. कॅडी म्हणजे नुसता बॅग उचलणारा नव्हे. वारा, अंतर, ग्रीनचा (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचा) उतार याबद्दल खेळाडूला भर मैदानात सल्ला देऊ शकणारा तो एकटाच माणूस असतो. त्यामुळे तिथे काटकसर करणं अवघड जातं. बाकी ठिकाणी करतात. दोघे-तिघे मिळून एक गाडी भाड्याने घेतात. बऱ्याच गावांत स्थानिक कुटुंबं खेळाडूंना आठवडाभर आपल्या घरी ठेवून घेतात, आणि काही खेळाडू वर्षानुवर्षं त्याच घरी उतरतात.

पैशांचं प्रमाण पाहिलं की वर जाण्याची एवढी ओढ का ते लगेच कळतं. कॉर्न फेरी टूरच्या नेहमीच्या स्पर्धेत एकूण बक्षीस दहा लाख डॉलरच्या घरात असतं. त्यातले अठरा टक्के, म्हणजे १,८०,००० डॉलर, विजेत्याला. पीजीए टूरवर ज्यांना ‘सिग्नेचर’ स्पर्धा म्हणतात, त्यांत बक्षिसाची रक्कम दोन कोटी डॉलर असते आणि विजेता साधारण छत्तीस लाख घेऊन जातो. २०१९ साली खालच्या टूरवर सगळ्यात जास्त कमाई स्कॉटी शेफलरने केली. दोन स्पर्धा जिंकूनही त्याची वर्षभराची कमाई साडेपाच-पावणेसहा लाख डॉलर होती. पुढे दोनदा मास्टर्स, पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण, २०२५ ची पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपन जिंकणारा हाच तो शेफलर.

ही टूर आली कुठून?

१९६५ पासून पीजीए टूरवर येण्याचा मुख्य रस्ता म्हणजे क्यू-स्कूल. नाव शाळेचं असलं तरी ती पात्रता परीक्षा आहे. एकामागून एक फेऱ्या होतात आणि शेवटच्या फेरीत वरचे ठराविक खेळाडू कार्ड घेऊन जातात. त्या एका आठवड्यात पोट बिघडलं, मनगट दुखलं किंवा पुटर (ग्रीनवर चेंडू होलमध्ये ढकलायची काठी) रुसला की थेट पुढच्या वर्षीची वाट बघायची. मधल्या काळात खेळायला नियमित जागा नसायची. डीन बीमन हे पीजीए टूरचे आयुक्त असताना, १९९० साली, ही पोकळी भरण्यासाठी नवी टूर सुरू झाली. गोल्फचं साहित्य बनवणाऱ्या बेन होगन कंपनीने पैसा लावला म्हणून नाव पडलं बेन होगन टूर. पहिली स्पर्धा कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डला झाली आणि ती माइक स्प्रिंगरने जिंकली. त्या वर्षी तीस स्पर्धा झाल्या आणि स्पर्धेचं एकूण बक्षीस एक लाख डॉलर असायचं.

प्रायोजक बदलला की नाव बदलायचं, असं नंतर चालत राहिलं. १९९३ पासून नाइके टूर, २००० पासून बाय डॉट कॉम, २००३ पासून नेशनवाइड, २०१२ पासून वेब डॉट कॉम आणि जून २०१९ पासून कॉर्न फेरी. कॉर्न फेरी ही मनुष्यबळ आणि व्यवस्थापन सल्ल्याच्या क्षेत्रातली अमेरिकी कंपनी. जुन्या बातम्या वाचताना यातलं कुठलंही नाव दिसलं तर टूर तीच आहे हे लक्षात ठेवावं.

गावं मात्र फारशी बदलली नाहीत. आयडाहोमधलं बॉयझी, टेनेसीतलं नॉक्सव्हिल, कॅन्ससमधलं विचिटा इथल्या स्पर्धा १९९० पासून चालू आहेत. पीजीए टूर मोठ्या शहरांत, नावाजलेल्या क्लबांवर खेळते. ही टूर अशा गावांत जाते जिथे वर्षातला हा एक आठवडा गावचाच सोहळा असतो. हंगामाची सुरुवात बहामाच्या जोरदार वाऱ्यात होते. मग पनामा, मग कोलंबियातलं बोगोटा. बोगोटा समुद्रसपाटीपासून सुमारे २६०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो आणि कोणती काठी वापरायची याचा सगळा अंदाज नव्याने बांधावा लागतो. तिथेच फेब्रुवारी २०२४ मध्ये चिलीच्या क्रिस्तोबाल देल सोलारने एका राउंडमध्ये, म्हणजे अठरा होलांत, ५७ फटके मारले. पीजीए टूरच्या छत्राखालच्या कुठल्याही टूरवर इतका कमी स्कोअर आधी झाला नव्हता. साठच्या आत येणंच गोल्फमध्ये दुर्मीळ, आणि हे झालं खालच्या टूरवर. ही मंडळी खालच्या टूरवर आहेत म्हणजे कच्ची आहेत असं समजणाऱ्याने त्या दिवसाचं स्कोअरकार्ड जरूर पाहावं.

गुणांचा हिशेब

पूर्वी क्रमवारी बक्षिसाच्या पैशांवर लागायची, आता गुणांवर लागते. नेहमीच्या स्पर्धेत विजेत्याला ५०० गुण, दुसऱ्याला ३००, मग आकडा भराभर उतरत जातो. ही उतरण मुद्दाम तीव्र ठेवलेली आहे. दर आठवड्याला कट पार करून तिसावा, पस्तिसावा येणारा खेळाडू भाकरी कमावतो, पण वर जात नाही. वर जायचं तर जिंकावं लागतं, निदान दोन-चार वेळा पहिल्या पाचांत यावं लागतं. पीजीए टूरला सातत्यापेक्षा जिंकण्याची धमक असलेला खेळाडू हवा आहे, हे या आकड्यांतून उघड दिसतं. मला हे तत्त्व पटतं. वरच्या टूरवर टिकायचं तर एखाद-दुसरा जोरदार आठवडाच कामी येतो, दर आठवड्याचं मधलं स्थान नाही.

हंगामाच्या शेवटी चार स्पर्धांची फायनल्स मालिका असते आणि तिथे विजेत्याला ५०० ऐवजी ६०० गुण मिळतात. पहिल्या स्पर्धेत गुणतक्त्यावरचे १५६ जण खेळतात, पुढच्या दोन स्पर्धांत १४४ आणि १२० उरतात आणि शेवटच्या कॉर्न फेरी टूर चॅम्पियनशिपला फक्त ७५. हे पंच्याहत्तर जण पुढच्या वर्षी या टूरवरची आपली जागा राखतात. खालच्यांना हक्क राखण्यासाठी पुन्हा पात्रता परीक्षेकडे वळावं लागतं. २०२५ ची शेवटची स्पर्धा इंडियानातल्या फ्रेंच लिक इथे पीट डाय यांनी आखलेल्या कोर्सवर झाली. ती संपली तेव्हा गुणतक्त्यावर जे पहिले वीस होते त्यांना २०२६ चं पीजीए टूर कार्ड मिळालं. पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला बाकीच्या एकोणीसांपेक्षा भक्कम हक्क मिळतो आणि प्लेयर्स चॅम्पियनशिपसारख्या मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेशही.

आता त्या रेघेकडे जरा जवळून पाहू.

२०१६ साली पहिले पंचवीस थेट वर जात होते. नियमित हंगाम संपला तेव्हा झँडर शॉफले सव्विसावा होता. पंचविसाव्या खेळाडूत आणि त्याच्यात अंतर होतं हजार डॉलरपेक्षाही कमी. म्हणजे सहा-सात महिन्यांत खेळलेल्या हजारो फटक्यांपैकी कुठलाही एक पुट होलच्या कडेला न थांबता आत पडला असता तर काम झालं असतं. तेव्हाच्या नियमांत फायनल्समधून आणखी पंचवीस कार्डं मिळायची. शॉफलेने त्यांतलं एक मिळवलं आणि पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, पीजीए टूरवर दोन स्पर्धा जिंकल्या. त्यातली एक म्हणजे हंगामाची अखेरची टूर चॅम्पियनशिप. २०२४ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप आणि ब्रिटिश ओपन दोन्ही त्याच्याच नावावर लागल्या. सव्विसावा क्रमांक आणि दोन मेजर (गोल्फमधल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी दोन) यांच्यामध्ये होती ती फक्त एक दुसरी संधी. आजच्या नियमांत अशी दुसरी संधी या टूरवर नाही.

दुसरी गोष्ट २००५ ची. त्या वर्षी वीस जण वर जाणार होते. बुब्बा वॉटसन एकविसावा आला आणि तरीही त्याला कार्ड मिळालं, कारण पहिल्या वीसांतला जेसन गोर आधीच वर गेलेला होता. गोर गेला तो तीन विजयांच्या नियमाने. या टूरवर एकाच हंगामात तीन स्पर्धा जिंकल्या की वर्ष संपायची वाट पाहावी लागत नाही, खेळाडू तिथल्या तिथे पीजीए टूरवर जातो. खेळाडू याला ‘बॅटलफील्ड प्रमोशन’ म्हणतात. १९९७ मध्ये ख्रिस स्मिथ पहिल्यांदा असा वर गेला.

गोरचं ते वर्ष सविस्तर सांगण्याजोगं आहे. जूनमध्ये पाइनहर्स्टला यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी तो रेटिफ गूसनबरोबर अखेरच्या जोडीत खेळत होता. जग बघत होतं आणि त्याने ८४ फटके मारले. एखादा यानंतर वर्षभर डोकं वर काढू शकला नसता. गोर आपल्या नेशनवाइड टूरवर परतला आणि त्याने लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या. तिसऱ्या स्पर्धेत त्याने ५९ चा राउंड खेळला. बढती मिळाली आणि सप्टेंबरमध्ये त्याने पीजीए टूरवरची ८४ लंबर क्लासिकही जिंकली. तो एकतीस वर्षांचा होता. या टूरला ‘विकास टूर’ म्हणतात म्हणून तिथे फक्त विशीतली पोरं असतात असा समज असेल तर तो सोडून द्यावा. तिशी ओलांडलेले, एकदा वर जाऊन खाली आलेले, दुखापतीतून परतलेले असे कितीतरी जण तिथे विशीतल्यांच्या बरोबरीने झगडत असतात. आणि गोरच्या त्या तीन विजयांमुळे ज्याला वाट मिळाली त्या बुब्बा वॉटसनने पुढे २०१२ आणि २०१४ चं मास्टर्स जिंकलं.

तीन विजयांचा नियम अजून आहे. २०२४ मध्ये मॅट मॅकार्टी असाच वर गेला आणि त्याच ऑक्टोबरमध्ये युटामधली ब्लॅक डेझर्ट चॅम्पियनशिप जिंकून मोकळा झाला.

कार्ड मिळालं, पुढे काय?

बहुतेक लेख वीस नावं जाहीर झाली की थांबतात. खरं तर गुंतागुंत तिथूनच सुरू होते. पीजीए टूर कार्ड म्हणजे प्रत्येक स्पर्धेत जागा, असं नाही. पीजीए टूरवर प्राधान्याची एक लांबलचक यादी असते. वर स्पर्धा जिंकलेले, मग मागच्या वर्षी गुणतक्त्यात वर राहिलेले, असं करत करत जागा भरत येतात. कॉर्न फेरी टूरवरून आलेले, क्यू-स्कूलमधून आलेले आणि युरोपातल्या डीपी वर्ल्ड टूरवरून आलेले दहा जण यांचा नंबर खूप नंतर लागतो. मोठ्या नावाच्या स्पर्धेत सगळेच वरचे खेळाडू उतरले की या मंडळींपर्यंत जागा पोहोचतच नाही. दोन कोटी डॉलरच्या सिग्नेचर स्पर्धांत तर सत्तरएक जणच खेळतात, तिथे नवख्याला सहसा थारा नसतो.

शिवाय या नव्या खेळाडूंचा आपापसातला क्रम वर्षभर कायम राहत नाही. ठराविक स्पर्धांनंतर त्यांनी तोवर मिळवलेल्या गुणांप्रमाणे तो पुन्हा लावला जातो. पहिल्या दोन-तीन स्पर्धा चांगल्या गेल्या तर पुढची दारं उघडत जातात. वाईट गेल्या तर खेळायलाच कमी मिळतं, कमी खेळायला मिळालं की गुण कमी, आणि गुण कमी म्हणजे पुढच्या वेळी क्रम आणखी खाली. हे चक्र तोडणं फार कठीण असतं. वर्षाअखेरीस फेडेक्स कपच्या, म्हणजे पीजीए टूरच्या वर्षभराच्या, गुणतक्त्यात पहिल्या शंभरात असाल तर पूर्ण कार्ड राहतं. ही मर्यादा २०२४ पर्यंत १२५ होती. आता १०१ ते १२५ मध्ये येणाऱ्यांना अर्धवट हक्क मिळतो, आणि त्यातले बरेच जण मग पुन्हा खालच्या टूरचा रस्ता धरतात.

हे लक्षात घेतलं की तीस जागांच्या वीस का झाल्या तेही समजतं. पीजीए टूरने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे बदल जाहीर केले. स्पर्धांमध्ये १५६ ऐवजी जास्तीत जास्त १४४ खेळाडू, आणि दिवस लहान असतील तेव्हा त्याहून कमी. कारण खरंच होतं : १५६ जण असले की खेळ रेंगाळतो, अंधार पडतो, गुरुवारचा राउंड शुक्रवारी सकाळी संपवावा लागतो. आणि कार्ड देऊनही खेळायला जागा मिळत नाही ही नव्या खेळाडूंची जुनी तक्रार होती. तेव्हा कार्डं कमी करा पण ज्यांना द्याल त्यांना खेळायला द्या, असा हा विचार. त्यात तथ्य आहे. तीसाव्या क्रमांकाच्या खेळाडूला कार्ड देऊन घरी बसवणं ही त्याची फसवणूकच होती.

तरीही मला हा निर्णय अर्धाच न्याय्य वाटतो. काटछाट झाली ती शिडीच्या त्या पायरीवर, जिथे खेळाडूकडे पैसे कमी, प्रायोजक कमी आणि आवाजही कमी. वरच्या सत्तर जणांच्या बंदिस्त, प्रचंड बक्षिसांच्या स्पर्धा मात्र तशाच राहिल्या. शॉफले सव्विसावा होता आणि वॉटसन एकविसावा, आणि हे दोघे अपवाद म्हणून सोडून देण्याजोगे खेळाडू नाहीत. रेघ जितकी वर सरकेल तितके असे खेळाडू आणखी एक वर्ष, कदाचित कायमचे, खाली राहतील. गोल्फमध्ये माणूस उशिरा फुलतो, कधी अठ्ठाविसाव्या, कधी तेहतिसाव्या वर्षी. अशांना वाट मोकळी ठेवणं हेच या टूरचं मूळ काम होतं. सिग्नेचर स्पर्धांमधल्या काही जागा वाढवून त्या खालून आलेल्यांना दिल्या तर हा तोल बराच सावरेल असं मला वाटतं.

कॉर्न फेरी टूरच्या खालीही पायऱ्या आहेत. कॅनडातली आणि लॅटिन अमेरिकेतली टूर एकत्र करून २०२४ मध्ये पीजीए टूर अमेरिकाज सुरू झाली आणि तिच्यावरचे पहिले दहा जण कॉर्न फेरी टूरवर येतात. जॉनी कीफरने २०२४ मध्ये ती टूर जिंकली, २०२५ मध्ये कॉर्न फेरी टूरच्या गुणतक्त्यात पहिला आला आणि २०२६ मध्ये पीजीए टूरवर पोहोचला. दोन वर्षांत दोन पायऱ्या, तेही दोन्ही ठिकाणी अव्वल राहून. अमेरिकी विद्यापीठांत खेळणाऱ्यांसाठी वेगळी क्रमवारी आहे. तिच्यातला पहिला खेळाडू २०२३ पासून थेट पीजीए टूरवर जातो (स्वीडनचा लुडविग ओबर्ग पहिला) आणि पुढचे नऊ जण कॉर्न फेरी टूरवर. क्यू-स्कूल अजून आहे. मध्ये दहा वर्षं तिथून फक्त खालच्या टूरचं कार्ड मिळायचं, आता पहिल्या पाच जणांना पुन्हा पीजीए टूरचं मिळतं. बरोबरी झाली तर प्लेऑफ खेळवून पाचच निवडतात. आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी सोमवारची खुली पात्रता फेरी : एक दिवस, अठरा होल, शंभरावर खेळाडू आणि मूठभर जागा.

सोमवारची ही वाट किती लांब नेऊ शकते ते एका भारतीयाने दाखवलं आहे. अर्जुन अटवाल हा पीजीए टूरचं कार्ड मिळवणारा पहिला भारतीय. ते त्याने २००३ च्या क्यू-स्कूलमधून मिळवलं. नंतर ते गेलं. २००८ मध्ये तो नेशनवाइड टूरवर खेळत होता आणि तिथे त्याने चॅटनूगा क्लासिक जिंकली. २०१० मध्ये पुन्हा कार्ड गमावल्यावर सोमवारच्या फेरीतून तो विंडम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि स्पर्धा जिंकला. पीजीए टूरवर जिंकलेला तो पहिला भारतीय, आणि सोमवारच्या फेरीतून येऊन जिंकलेला १९८६ नंतरचा पहिला खेळाडू.

पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला होता. तरी पीजीए टूरचं कार्ड त्याला त्याच वर्षीच्या वेब डॉट कॉम टूर फायनल्समधून मिळवावं लागलं. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या साहित थीगालाने २०२१ मध्ये याच फायनल्समधून जागा घेतली, आणि अक्षय भाटियाने जानेवारी २०२२ मध्ये बहामात या टूरची स्पर्धा जिंकली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. विशाखापट्टणममध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला सुदर्शन यल्लामराजू जानेवारी २०२५ मध्ये बहामाची ग्रेट अबाको क्लासिक जिंकला आणि वर्षाअखेरीस पहिल्या वीसांत राहिला. रेघ वीसवर आली त्याच पहिल्या वर्षी.

भारतात राहून खेळणाऱ्याचा रस्ता मात्र वेगळा आहे. २००६ मध्ये स्थापन झालेली पीजीटीआय ही आपली व्यावसायिक टूर. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर तिच्या स्पर्धा होतात, आणि टोकियो ऑलिंपिक खेळलेला पुण्याचा उदयन माने याच टूरवर घडला. २०२४ पासून पीजीटीआयने नेक्सजेन नावाची खालची टूरही सुरू केली आहे, म्हणजे आपल्याकडेही आता एक पायरी वाढली. पीजीटीआयच्या वर्षभराच्या क्रमवारीत पहिला येणाऱ्याला डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळतं. महूला कॅडी म्हणून सुरुवात केलेला ओम प्रकाश चौहान २०२३ मध्ये, आणि २०२४ मध्ये वीर अहलावत, असे गेले. डीपी वर्ल्ड टूरवरून दरवर्षी दहा जणांना पीजीए टूरचं कार्ड मिळतं. येरवड्याहून निघालेल्याला तेवढी लांबची फेरी घालावी लागते. नाहीतर क्यू-स्कूलची फी भरून, अमेरिकेत वर्षभर राहण्याचा खर्च पदरचा करून कॉर्न फेरी टूर गाठायची.

ऑक्टोबरमध्ये कॉर्न फेरी टूर चॅम्पियनशिप पाहायची असेल तर एक सुचवतो. स्पर्धेत कोण आघाडीवर आहे यावर फार नजर ठेवू नका. टूरच्या संकेतस्थळावर चालू स्कोअरप्रमाणे वर्षाची गुणक्रमवारी कशी बदलत चालली आहे ते दाखवणारा वेगळा तक्ता असतो. रविवारी दुपारी तो उघडा आणि अठरा ते चोवीस या क्रमांकांवर लक्ष ठेवा. कुणाचा सोळाव्या होलवर एक फटका वाढला की चार नावं वरखाली होतात, आणि त्यातली दोन-तीन नावं अशा खेळाडूंची असतात ज्यांचा राउंड कधीच संपलेला असतो आणि ज्यांच्या हातात आता करण्यासारखं काही उरलेलं नसतं.